दोन डबे आणि एक बी. कॉम.

मराठी घरात डब्यावर जे लिहिलेले असते ते डब्यात कधीही नसते. बिस्किटांच्या डब्यात सुई-दोरा आणि बटणे असतात. 'चहा' असे लिहिलेल्या डब्यात साबुदाणा असतो. 'साखर' लिहिलेल्या डब्यात लाइटबिलाच्या जुन्या पावत्या असतात आणि खरी साखर असते ती बाळाच्या दुधाच्या डब्यात. ते बाळ आता तलाठी होऊन सेनगावला असते. डबा फुटला तरी आपण टाकत नाही. फुटक्या डब्यात तुळस लावतो, तुळस वाळली की त्यात खिळे ठेवतो.

हे झाले स्वयंपाकघरातले डबे. त्यांच्याविषयी गृहिणींनी लिहावे. मी लिहिणार आहे ते दिवाणखान्यातल्या, फडताळात मानाने बसणाऱ्या, नक्षीच्या धातूच्या डब्यांविषयी. हे डबे कोणी उघडत नाही. पाहुणे आले की त्यांच्याकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "आजोबांच्या वेळचा आहे." पाहुणे "असं का!" म्हणतात. डब्याचा इतिहास तिथेच संपतो. आजोबांनी तो कुठून आणला, कोणी केला, कशाचा केला आणि त्याची किंमत काय, हे प्रश्न वाटणी होईपर्यंत कोणाला पडत नाहीत.

मी बँकेत कारकून आहे आणि बी. कॉम. आहे. पुण्या-मुंबईत या गोष्टीला काही अर्थ नसेल, पण हिंगोलीत आहे. इथल्या लोकांची समजूत अशी, की वाणिज्य शिकलेल्या माणसाला जगातल्या प्रत्येक वस्तूचा भाव ठाऊक असतो. मला आजवर म्हशीची, विहिरीची आणि एका हार्मोनियमची किंमत विचारलेली आहे. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळे निघून आम्ही जिल्हा झालो. कलेक्टर आले, एस. पी. आले, नाना खात्यांचे अधिकारी आले. पण जुन्या डब्याची किंमत सांगणारा अधिकारी शासनाने अजून नेमलेला नाही. ते खाते माझ्याकडे आहे.

तर आमच्या गल्लीत एक जुना वाडा आहे. वाड्याचे नाव सांगत नाही, वाटणीचा मामला आहे. वाड्यात दोन भाऊ: थोरले नोकरीतून निवृत्त, धाकट्यांचे किराणा दुकान. बहीण कळमनुरीला दिलेली, तिला सगळी गल्ली अक्का म्हणते. आई गेली आणि रीतीप्रमाणे तेराव्यानंतर कागद निघाले. २००५ साली कायदा बदलून मुलीला मुलाइतका हक्क मिळाला. तेव्हापासून भावांना बहिणीची आठवण जरा जास्तच येते. माहेरी बोलावतात, साडी नेसवतात आणि जाता जाता दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतात. अक्कांनीही केली. सोळा एकर काळी जमीन त्यांनी एका सहीत सोडली. "तुला घरातलं काय पाहिजे ते घे," असे भाऊ मग उदार मनाने म्हणाले.

घरात फडताळावर दोन डबे होते. एक गोरा, एक काळा. गोरा चौकोनी, चांदीसारखा चकचकीत. झाकणावर डोंगर, डोंगराखाली देऊळ, देवळापुढे पूल, पुलावर छत्री घेतलेली बाई. आत लाल मखमल. काळा गोल, घुमटासारख्या झाकणाचा, आणि काळाही नीट काळा नाही, पाटीवरची पेन्सिल हाताने पुसल्यासारखा. त्यावर फुलांची वेल होती, पण ती दिसायला डबा उजेडाकडे तिरका धरावा लागे. झाकणाच्या काठाला चुन्याचे डाग. आईचा पानाचा डबा तो. गोऱ्या डब्यासाठी दोन्ही भावांत दोन दिवस अबोला होता. शेवटी तो थोरल्यांना मिळाला आणि धाकट्यांनी बदल्यात तांब्याचे घंगाळ नेले. अक्का म्हणाल्या, "मला आईचा पानाचा डबा द्या." दिला. तो काळा होता ना!

वर्षश्राद्धाला पुण्याचा एक भाचा आला. त्याने अक्कांकडे तो काळा डबा पाहिला, फोनवर कुठले कुठले लिलाव पाहिले आणि एक आकडा सांगितला. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरले, धाकटे आणि अक्का, तिघेही दोन पंचांत गुंडाळलेले दोन डबे घेऊन माझ्या ओट्यावर हजर.

"तुम्ही बी. कॉम. आहात. लेखी किंमत द्या," थोरले म्हणाले.

"आधी डबा उलटा करा," मी म्हणालो.

जुन्या डब्याचा पहिला नियम हाच. झाकण हे लोकांना दाखवायला असते, खरे बोलते ते बूड. थोरल्यांच्या डब्याच्या बुडावर बारीक इंग्रजी अक्षरे होती: 'मेड इन ऑक्युपाइड जपान'. धाकट्यांनी ती भिंगातून वाचली आणि "जपानी माल!" असे म्हणून मान खाली घातली. जपानी मालाविषयी आपल्याकडे दोन पिढ्यांची दोन मते आहेत. आज जपानी म्हणजे पक्के. आजोबांच्या काळी जपानी म्हणजे दसऱ्याला घ्यावे आणि दिवाळीला मोडावे.

या अक्षरांचा इतिहास गमतीचा आहे. अमेरिकेने १८९० साली एक जकातीचा कायदा केला. बाहेरून येणाऱ्या मालावर तो ज्या देशातला त्याचे नाव इंग्रजीत घातले पाहिजे, असे त्यात कलम होते. जपान्यांनी १८९१ पासून आपल्या मालावर 'निप्पॉन' असे घालायला सुरुवात केली. तीस वर्षे ते चालले. १९२१ साली अमेरिकेच्या जकात खात्याला शोध लागला, की 'निप्पॉन' हा शब्द इंग्रजी नसून जपानी आहे. सरकारी खात्याला हे कळायला तीस वर्षे लागली, यात मला बँकेतला माणूस म्हणून नवल वाटत नाही. त्यानंतर 'जपान' किंवा 'मेड इन जपान' आले. पुढे जपान युद्धात हरला, अमेरिकन सैन्य तिथे बसले आणि मालावर 'ऑक्युपाइड जपान' म्हणजे 'ताब्यात घेतलेला जपान' असे छापून येऊ लागले. एप्रिल १९५२ मध्ये तो ताबा उठला आणि ती अक्षरेही गेली. म्हणजे ज्या डब्यावर 'निप्पॉन' तो बहुधा १८९१ ते १९२१ मधला, आणि ज्यावर 'ऑक्युपाइड' तो युद्धानंतरच्या पाच-सहा वर्षांतला. एवढ्या नेमक्या जन्मतारखा आपल्या आजोबांच्याही नसतात. आजोबा प्लेगच्या वर्षी जन्मलेले असतात, नाही तर मोठ्या पुराच्या. तरी एक सांगून ठेवतो. शिक्का खोटाही मारता येतो, आणि भाव आला की मारतातही. शिक्का हा साक्षीदार समजावा, न्यायाधीश समजू नये.

जपानचा खासगी परदेशी व्यापार पुन्हा सुरू झाला तो ऑगस्ट १९४७ मध्ये. त्याच महिन्यात इकडे दिल्लीला झेंडा चढला. हिंगोलीला मात्र नाही. आम्ही निजामाच्या राज्यात होतो. आमच्याकडे स्वातंत्र्य १७ सप्टेंबर १९४८ ला पोचले, तेरा महिने उशिरा. म्हणजे थोरल्यांचा डबा त्या तेरा महिन्यांत आला असेल, तर ताब्यातल्या देशाने बनवलेला माल ताब्यातल्या गावाने विकत घेतला असे झाले. त्यानंतर आला असेल तर आम्ही सुटलो होतो आणि डबा अडकलेला होता.

"पण जपानचा डबा हिंगोलीत आला कसा?" धाकट्यांनी विचारले. दुकानदार माणूस, माल आला म्हटला की त्याला वाहतूक दिसते.

कापसाच्या मागून आला. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या सहकार्याने जपानच्या निप्पॉन यूसेन कंपनीने मुंबई ते जपान बोटी सुरू केल्या. तिकडच्या गिरण्यांना कापूस हवा होता. १९१२ साली पूर्णा-हिंगोली मीटरगेज रेल्वे झाली आणि आमच्या काळ्या जमिनीतला कापूस मुंबईच्या वाटेला लागला. जपान हिंदुस्थानच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक होते. जाताना बोटीत कापूस, येताना कापड, काचेच्या बांगड्या, खेळणी आणि डबे. १९३३ मध्ये आपल्या सरकारने जपानी कापडावर जबर जकात बसवली, तेव्हा जपानी गिरण्यांनी आपला कापूस घेणेच बंद केले. शेवटी १९३४ साली करार झाला: जपानने दहा लाख गासड्या कापूस घ्यायचा, त्यावर सव्वाबत्तीस कोटी नव्हे, बरोबर साडेबत्तीस कोटी वार कापड इकडे पाठवायचे, पंधरा लाख गासड्या घेतल्या तर चाळीस कोटी वार. वाणिज्य शाखेत शिकलेल्या माणसाला असा करार वाचताना कवितेचा आनंद होतो. थोरल्यांचे आजोबा कापसाचे अडत्ये होते, मुंबईला त्यांचे जाणे-येणे होते. युद्धानंतर घरात जो कोणी हा डबा घेऊन आला, तो त्याच जुन्या वाटेने आला असणार.

आता डबा कशाचा, ते बघू. चांदीचा नाही, हे सांगायला सराफ नको. कोपऱ्यावर मुलामा उडाला होता आणि आत राखाडी धातू दिसत होता. हातात घेतला तर आकाराच्या मानाने भलताच जड. याला अँटिमनीचे काम म्हणतात. शिसे आणि अँटिमनी वितळवून त्यात थोडे कथील घालायचे, साच्यात ओतायचे, वरून मुलामा द्यायचा, आत मखमल चिकटवायची. मेजी काळापासून टोकियोत हा धंदा होता. दागिन्यांचे डबे, सिगारेटचे डबे, राखदाण्या, सगळे परदेशी पाठवायला. एका साच्यातून एक फुजी पर्वत निघाला की हजार फुजी पर्वत निघतात. म्हणून त्या पुलावरच्या बाईचे नाक पाहावे. नवीन साच्यात नाक असते, जुना साचा झिजला की बाई बिननाकाची होते. थोरल्यांच्या बाईला नाक नव्हते.

मग लोहचुंबक लावावे. आमच्याकडे फ्रिजवर चिकटवायचा एक आंबा आहे, मी तोच वापरतो. अँटिमनीला आंबा चिकटत नाही. छापील पत्र्याच्या डब्याला चिकटतो. आणि कधी एखाद्या जपानी डब्यावर काळ्या जमिनीत सोन्या-चांदीची बारीक नक्षी असेल आणि त्यालाही आंबा चिकटला, तर मात्र उठून दार लावून घ्यावे. कारण तो क्योटोचा असण्याचा संभव आहे.

क्योटोच्या डब्यांची गोष्ट अशी. जपानात शेकडो वर्षे सामुराई कमरेला तलवार लावून हिंडत. तलवारीच्या मुठीवर, परजावर सोन्याचांदीची नक्षी करणारे कारागीर त्यावर जगत. १८७६ साली सरकारने हुकूम काढला: तलवारी बाळगायच्या नाहीत. सामुराईंचे काय झाले यावर सिनेमे निघाले. कारागिरांचे काय झाले यावर कोणी काढला नाही. ते डबे करू लागले. लोखंडाच्या पत्र्यावर छिन्नीने कापडाच्या विणीसारख्या उभ्या-आडव्या बारीक रेघा पाडायच्या, त्यांवर सोन्या-चांदीची तार हातोडीने बसवायची, मग लोखंड मुद्दाम गंजवायचे, आणि गंज हवा तेवढा चढला की तो थांबवायला चहाच्या पाण्यात उकळायचे. चहाने लोखंड कायमचे काळे होते. (चहाने माणसाचे काय होते ते आमच्या ऑफिसात येऊन पाहावे.) कोमाई नावाच्या घराण्याचे हे काम जगात नावाजलेले. त्यांच्या डब्यांच्या बुडावर चतुर किड्याची खूण असते. तसा अस्सल डबा लंडनच्या लिलावात हजारो पौंडांना जातो. थोरल्यांच्या अँटिमनीच्या डब्याला अमेरिकेच्या जुन्या बाजारात दोन माणसांच्या साध्या जेवणाएवढे पैसे येतील. टपालखर्च वेगळा.

थोरल्यांनी डबा सुलटा केला आणि पंचात बांधला.

"आता अक्काचा बघा," ते म्हणाले. आवाजात अजून आशा होती, की तोही असाच निघेल.

अक्कांचा डबा मी उलटा केला. बुडावर काही नव्हते. ना देश, ना साल, ना कारागिराचे नाव. आंबा चिकटला नाही. बुडाला आतून पाहिले तर धातू राखाडी, बाहेरून काळा. वेलीवरून अंगठ्याचे नख फिरवले. कुठे अडकले नाही; धातू आणि चांदी एका पातळीत, जणू एकत्रच उगवलेले. पंचाच्या कोरड्या टोकाने पाच मिनिटे हळू पुसल्यावर काळ्यातून खसखशीच्या फुलांची एक ओळ पांढरी शुभ्र वर आली. धाकटे म्हणाले, "अगं माय!"

तो बिदरी होता.

बिदर आमच्यापासून नांदेडमार्गे एका दिवसाच्या वाटेवर. आज ते कर्नाटकात आहे, पण १९५६ पर्यंत हिंगोली आणि बिदर एकाच हैदराबाद राज्यात होते. पंधराव्या शतकात बहामनी सुलतानांनी गुलबर्ग्याहून आपली राजधानी तिथे नेली आणि इराणी कारागीर तिथे आले, अशी परंपरा सांगतात. हाती असलेले सगळ्यांत जुने नमुने मात्र सतराव्या शतकातले आहेत. सुरया, हुक्क्यांची बुडे, पानदाने, तस्ते, आणि तयार विडे ठेवायची खासदाने. आमच्या मराठवाड्यात पानाची ही सगळी भाषाच उर्दूतून आली. पुण्याकडे पानाचा डबा असतो. आमच्याकडे पानदान असते, आणि 'पान खा' असे न म्हणता 'पान घ्या की' म्हणतात.

मी बिदरला जाऊन हे काम पाहिलेले आहे. सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबे, म्हणजे जुन्या हिशेबाने रुपयाला आणा. ते वितळवून मातीच्या साच्यात ओततात. निघालेला डबा कानशीने घासतात आणि त्यावर मोरचूदाचे पाणी फिरवतात, म्हणजे तात्पुरता काळा होतो आणि त्यावर नक्षी काढता येते. ती नक्षी छिन्नीने खोदतात आणि त्या चरांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. तारेच्या कामाला तारकशी म्हणतात, पत्र्याच्या कामाला तहनिशान. पुन्हा घासून सगळे एक पातळीत आणतात. इथवर डबा राखाडी आणि चांदी पांढरी. दोन्ही एकमेकांत हरवलेले. आणि मग माती येते.

ही माती बिदरच्या किल्ल्यातली. कुठलीही चालत नाही. जुन्या इमारतींतली, वर्षानुवर्षे ऊन-पाऊस न लागलेली पाहिजे. कारागीर ती चिमूटभर जिभेवर ठेवून पारखतात, आपल्याकडे आजी लोणच्याचे मीठ पाहते तशी. त्यात नवसागर मिसळून पाण्यात कालवतात आणि तो लेप गरम केलेल्या डब्यावर चोळतात. जस्त काळेभोर होते आणि चांदीला काहीही होत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिले. मिनिटापूर्वी जो डबा शाळेच्या पाण्याच्या टाकीच्या रंगाचा होता, त्यावर एकदम अमावास्येच्या आकाशात चांदणे निघाल्यासारखी वेल निघाली. वरून खोबरेल तेलाचा हात. झाले.

पाहा, क्योटोला चहा, बिदरला माती. दोन्हीकडे काळ्यावर पांढरे. दोघांचीही एकमेकांशी ओळख नव्हती. फरक एवढाच, की क्योटोच्या कारागिराने बुडावर चतुर काढला आणि आमच्याने काही काढले नाही. क्वचित कुठे जुन्या बिदरीवर नाव सापडते, बहुतेकांवर नाही. नाव नसले की आपल्याकडे वस्तू आजोबांची होते. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात बिदरी भांडी मांडली होती आणि तिथल्या संग्रहालयात ती अजून नीट जपलेली आहेत. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात आहेत. बिदरच्या शाह रशीद अहमद कादरींना २०२३ साली या कामासाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा तरी एका बिदरी कारागिराचे नाव घरोघर पोचले.

आणि ज्या घरांत ही भांडी होती तिथे काय झाले? हिंगोली म्हणजे हैदराबाद कंटिंजंटची छावणी. १९०३ च्या सुमारास ती मोडली आणि साहेब लोक गेले. १९४८ नंतर निजामशाही गेली, १९४९ ला जहागिऱ्या गेल्या. जहागीर गेलेल्या घरात पहिल्यांदा विकायला निघते ते सोने, मग चांदी, मग ज्यात थोडी चांदी आहे असे काहीही. बिदरीतली चांदी किती? कागदाएवढी जाड. पण मोडवाल्याला तेवढीच दिसते. तो छिन्नी घालून चांदी उपटतो आणि राहिलेले जस्त किलोवर टाकतो. पुढे स्टीलची भांडी आली आणि उरलेली पानदाने बायांनी स्टीलच्या पातेल्यावर दिली. दिनकर केळकरांसारखा एखादाच माणूस, जो कविता 'अज्ञातवासी' नावाने लिहायचा आणि गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, डबे गोळा करायचा. लोकांनी वेड्यात काढले असेल. पुढे त्यांनी तो सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला आणि आता पुण्यात तिकीट काढून लोक आपल्याच आज्यांचे अडकित्ते पाहायला जातात.

"ते सगळं खरं," थोरले म्हणाले, "पण आकडा?"

इथे माझी पदवी आडवी येते. आम्हांला शिकवलेला नियम असा: माल शिल्लक असेल तर त्याची किंमत खर्चाची किंवा बाजाराची, यांतली जी कमी ती धरावी. अक्कांच्या डब्याचा खर्च कोणालाच माहीत नाही आणि हिंगोलीच्या बाजारात त्याला भाव नाही. दुसरा नियम घसाऱ्याचा. प्रत्येक वस्तू दरवर्षी थोडी थोडी कमी होत जाते. दरसाल दहा टक्के घसारा धरला तर दहा वर्षांत डबा वहीतून नाहीसा. आणि याच देशात १९७२ चा पुराणवस्तूंचा कायदा आहे. तो म्हणतो, वस्तू शंभर वर्षांची झाली की ती पुराणवस्तू, आणि मग ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे हिशेबनिसाच्या वहीत जी नव्वद वर्षांपूर्वी मेली, तिचे सरकारी कागदावर शंभराव्या वर्षी बारसे! मी दोन्ही वह्या पाहिल्या आहेत. आमच्या बँकेत सोनेतारणाला येणारे सराफ कसोटीवर घासतात, खडे वजा करतात, घडणावळ वजा करतात आणि राहिलेल्या सोन्याचे पैसे मोजतात. त्यांचे बरोबरच आहे, बँकेला सोनेच विकायचे असते. पण बिदरीतून घडणावळ वजा केली की उरते ते चहापाण्याचे जस्त.

लिलावात जुन्या, मोठ्या, अखंड बिदरी वस्तूंना हजारो पौंड आलेले आहेत. ते सतराव्या-अठराव्या शतकातल्या हुक्क्याच्या बुडांना. अक्कांचा डबा मला एकोणिसाव्या शतकातला वाटला. फुले जरा भरडी, पण काम तारेचे, खोल आणि हाताचे. नव्या बाजारू मालासारखा वरून फासलेला काळा रंग नाही. एके ठिकाणी पाकळीतली चांदी निघालेली. मी म्हणालो, "जाणत्या गिऱ्हाइकाकडून थोरल्यांच्या डब्यासारखे पन्नास-साठ डबे येतील इतके पैसे. नेमका आकडा मी लिहून देणार नाही. तो संग्रहालयातल्या माणसाला डबा दाखवूनच ठरेल."

ओट्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग थोरले घसा साफ करून म्हणाले, "म्हणजे वाटणी सारखी झाली नाही."

"नाही झाली," धाकटे म्हणाले.

"मग परत बसावं लागंल."

अक्का इतका वेळ डब्याचे झाकण पदराने पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "बसू की दादा. काऊन नाही? शेतापासून सुरू करू."

थोरल्यांनी पंचाची गाठ पुन्हा एकदा आवळली. ती आधीच पक्की होती. धाकट्यांना दुकान उघडायचे आठवले.

मला मात्र दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या होत्या, त्या मी जाता जाता सांगितल्या. पहिली थोरल्यांना: त्या जपानी डब्यात शिसे आहे. त्यात बडीशेप, सुपारी, काही खायचे ठेवू नका. वर्षभर ते जेवणानंतर त्यातलीच बडीशेप पाहुण्यांपुढे करत होते, आणि मीही त्या पाहुण्यांत होतो. दुसरी अक्कांना: दिवाळीला चिंच आणि राख घेऊन हा डबा घासू नका. पितळेला जे अमृत ते बिदरीला विष. काळेपणा हीच त्याची घडण आहे. घासून गोरा केलात तर जस्ताचा डबा उरेल. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचे बोट फिरवा, आणि कात-चुना आतल्या वाट्यांत ठेवा, डब्याला लागू देऊ नका.

"आणि काळा उडालाच तर?"

"तर बिदरला न्यायचा. ते पुन्हा माती लावून देतात."

"जुन्याला?"

"जुन्याला."

अमेरिकेतल्या एका नातवाने तो डबा मागितला आहे, असे नंतर कळले. अक्कांनी त्याला कायदा ऐकवला, कलमासकट. आता त्या डब्यात रोजची पाने असतात. परवा कळमनुरीला गेलो होतो तेव्हा त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला. पाने ओल्या फडक्यात, चुना पितळेच्या वाटीत, सुपारी कातरलेली. पाकळीची जी चांदी निघाली आहे तिथे बोट ठेवून म्हणाल्या, "पुढल्या महिन्यात रविवार धरून तुम्ही बिदरला चला माझ्यासंगं. यांना हिशेब येत नाही."